बांधलेला हात

कोकिळाबाईचा स्वभावच संशयी. शेजारणीनं वाटीभर भाजी आणून दिली तर ती आधी ढवळून पाहायची, मग "काऊन तरास घेतला वं?" म्हणायची. वाणी हसून बोलला की तिची नजर तराजूकडे जायची. बोरखेडीतल्या बाया तिला मागून फौजदारीण म्हणत, आणि हेही तिला ठाऊक होतं. तिला नाही तर मग कुणाला असणार? पण एकोणऐंशी सालच्या त्या हिवाळ्यात या फौजदारणीवर स्वतःच्याच घरात चोरासारखं वागायची पाळी आली.

झालं होतं असं की तिचा नवरा वासुदेवराव, चार गावांत ज्याच्या वखराची रेघ सरळ म्हणून नाव, त्याच्या हातून एके दिवशी सुपारी कातरताना अडकित्ता पडला. उचलला, पुन्हा पडला. मग कासरा सुटायला लागला, सदऱ्याची गुंडी लागेना. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं मांस बसून तिथं खळगा पडला. दंडावर कातडीखाली काहीतरी सारखं फुरफुरायचं. दुखायचं मात्र काहीच नाही. दुखलं असतं तर कोकिळाबाईला बरं वाटलं असतं, कारण दुखण्याला औषध असतं. दिवाळीनंतर जीभही जड झाली. बोलणं दारू प्यायल्यासारखं यायला लागलं, आणि त्या माणसानं तर आयुष्यात मोहाच्या झाडाखाली पथारीसुद्धा टाकली नव्हती.

कोकिळाबाईनं वैद्य केला नाही, डॉक्टर केला नाही. तिला रोग ओळखू आला होता. ती सून होऊन या घरात आली तेव्हा सासरे, बापूजी, याच खळग्याचे हात मांडीवर ठेवून बसलेले असत. तिनंच त्यांना शेवटी चमच्यानं पेज पाजली होती. घरात कुणी त्याविषयी बोलत नसे आणि तीही बोलली नाही. आता प्रश्न एकच होता: नलूचं लग्न. एकुलती एक पोर, एकोणीस सरून विसावं लागलेलं. बापाच्या हाताची बातमी गावाबाहेर गेली की या घराची पायरी कुणी चढणार नव्हतं.

याला दाखला होता टाकळीच्या तानबाचा.

वर्ध्याला एक मेंदू-मज्जातंतूंचे डॉक्टर होते, नरहर देवपुजारी. नालवाडीत राहायचे. मुंबईत शिकले, विलायतेत शिकले, तिथं बसून पैशाच्या राशी करायच्या सोडून इकडे आले आणि गेली सातआठ वर्षं एकाच रोगाच्या मागं लागले होते. हातपाय वाळतात, जीभ वाळते, माणूस शेवटपर्यंत शहाणा राहतो आणि जागच्या जागी संपतो, तो हा रोग. इकडच्या खेड्यांत तो जरा जास्तच दिसतो असं त्यांना वाटे. कशानं होतो, ते काही सापडेना. आधी त्यांचा संशय लाखोळीच्या डाळीवर होता; मग कपाशीवरच्या फवाऱ्यावर आला; मग विहिरींवर. बाटल्या भरभरून पाणी नेलं बिचाऱ्यांनी. संशयाच्या बाबतीत डॉक्टर कोकिळाबाईला हार जाणारे नव्हते, फक्त त्यांच्या संशयाला परदेशच्या मासिकांत छापायची सोय होती. अलीकडे त्यांचा संशय रक्तावर आला होता. त्यामुळे ते घरोघर जाऊन बाप कशानं गेला, आजा कशानं गेला, आत्या कशानं गेली, असं विचारत आणि कागदावर चौकोन-गोल काढून वंशावळ मांडत.

तानबा भोळा. त्यानं भावाचा हात दाखवला, वर सगळं सांगितलं. डॉक्टरांची हिरवी जीप दुपारभर त्याच्या दारात उभी राहिली, आणि आठवड्याच्या आत त्याच्या पोरीच्या सोयरिकीचा नारळ परत आला. तेव्हापासून पंचक्रोशीत ती जीप दिसली की उपवर पोरींच्या आया दार लोटून घेत. डॉक्टरांना खेड्यात कुणी खरं सांगेनासं झालं. कुणाचा बाप साप चावून मेलेला निघे, कुणाचा बैलगाडीखाली सापडून.

म्हणून अण्णाजींनी जेव्हा पुलगावचं स्थळ आणलं, तेव्हा कोकिळाबाईनं कंबर कसली. हे अण्णाजी म्हणजे सोयरिकी जुळवण्यात हयात गेलेला माणूस. मुलगा ओमप्रकाश, पुलगावातच शाळेत मास्तर. बाप मधुकरराव गिरणीत कारकून, मूळचे आपल्यातलेच, शेती अजून आहे. कोकिळाबाईनं नवऱ्याच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत हळद-चुन्याचा लेप लावला आणि जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली. बैलाच्या शिंगात हात सापडला, हाड सरकलं. बोलण्यावरही तिनं उपाय काढला. जीभ लटपटते ना? मग तोंडात पान.

"गालात धरून ठेवा," तिनं बजावलं, "गिळू नोका, ठसका लागन. कोनी काई इचारलं तं नुसते हुं म्हना."

वासुदेवराव तिच्याकडे पाहत राहिला. "खो-टं," एवढं तो कसाबसा म्हणाला.

"खोटं तं खोटं. लगन लागू द्या, मंग मी देवाजवळ बोलीन."

सुपारी कातरायला धाकटा दीर नत्थू. मुलीच्या बापानं आपल्या हातानं सुपारी कातरून व्याह्याला द्यायची ही रीत, पण हातच बांधलेला म्हटल्यावर काय करता? नलू हे सगळं पाहत होती. पट्टीचं दुसरं टोक तिनंच धरलं होतं. कोकिळाबाईला वाटलं, पोर शहाणी आहे.

माघातल्या त्या सकाळी पाहुणे आले. पाहुणे एसटीनं आले नव्हते. हिरव्या जीपनं आले होते.

जीप चालवत होते खुद्द देवपुजारी. उंच, चष्मेवाले, पांढरा बुशशर्ट. आधी ते उतरले, मग पलीकडे जाऊन त्यांनी मधुकररावांना कोपराशी धरून उतरवलं. मग प्रमिलाबाई, मुलाची आई, आणि मग मुलगा. अण्णाजी हात जोडत पुढं झाले. "साहेब यांच्या ओळखीचे आहेत. गाडी होती, म्हणून सोबत आले."

ओळखीचे! कोकिळाबाईला काय कळायचं ते कळलं. पोरगी पाहायला लोक मामा आणतात, काका आणतात. या लोकांनी रोग ओळखणारा डॉक्टर आणला होता. कुणीतरी चुगली केली होती. ती माजघराच्या दारात उभी राहिली आणि तिनं डॉक्टरांवरची नजर काढली नाही.

डॉक्टर पण कसे? नलूकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. नलूनं पोह्यांची बशी दिली तेव्हा म्हणे "थँक्यू बेटा", पण डोळे कुठं, तर वासुदेवरावाच्या डाव्या, न बांधलेल्या हाताकडे. वासुदेवरावानं तो हात हळूच उपरण्याखाली घेतला. डॉक्टरांनी विचारलं, "हाताला काय झालं?"

"हुं," वासुदेवराव म्हणाला.

"बैलानं शिंग मारलं," कोकिळाबाई दारातून म्हणाली. बाईमाणसानं मध्ये बोलू नये, पण तेवढी चैन तिला परवडणारी नव्हती.

पाहुण्यांचं म्हणाल तर मधुकरराव तिला भारी आढ्यतेखोर वाटले. उन्हात शाल पांघरून बसलेले. गादीवर बसेनात, खुर्चीच हवी. पोहे पुढं केले तर "आज उपास". चहा दिला तर "सोडला". नत्थूनं सुपारी पुढं केली तर नुसती मान हलवली, हात काही शालीबाहेर काढला नाही. सगळं बोलणं बायकोच करत होती, आणि तीही घाईघाईनं. मुलगी पसंत आहे, देणंघेणं काही नको, याच फाल्गुनात उरकून टाकू. चट मंगनी, पट ब्याह. कोकिळाबाईला त्यांचा तोरा खुपला, पण घाई मनापासून आवडली. आपल्यालाही तेच हवं होतं. एरवी मापाशिवाय मीठ न घेणाऱ्या या बाईनं त्यांना घाई कशाची, हे मात्र विचारलं नाही. तिचा सगळा संशय त्या दिवशी एका चष्म्यावर खर्च झाला होता.

डॉक्टर हात धुवायला परसात आले, तेव्हा तिनं पाण्याचा गडवा घेऊन त्यांना गाठलं.

"तुमी कोन आहा थे मले ठाऊक हाय," ती म्हणाली. "तानबाच्या पोरीचं तुमीच मोडलं."

डॉक्टरांनी हात पुढं धरले. "ते मोडावं असं माझ्या मनात नव्हतं, बाई."

"मनात नसंन, पन जीप तं दारात होती. आता माह्या पोरीचं मोडाले आले. त्याईनंच तुमाले आनलं ना, पाहाले?"

डॉक्टर काही तरी बोलणार होते, ते थांबले. मग म्हणाले, "मी एकाचं दुसऱ्याला सांगत नाही. तुमच्या यजमानांना काय झालंय ते मला कळलंय. ती पट्टी सोडायची गरज नाही. पण तुम्ही मला एक खरं सांगा. त्यांचे वडील कशानं गेले?"

कोकिळाबाईला बापूजींचे हात दिसले. पेजेचा चमचा दिसला. आणि परसातल्या भिंतीपलीकडून प्रमिलाबाईचं हसणं ऐकू आलं.

"हिरीत पडून," ती म्हणाली.

"नक्की?"

"मी सून होतो या घरची. मले नाई ठाऊक राहीन तं कोनाले?"

डॉक्टरांनी रुमालानं हात पुसले, एकेक बोट सावकाश. "बाई, तुम्ही सकाळपासून माझ्याचकडे पाहत आहात," ते म्हणाले. "मुलीच्या आईनं मुलाकडच्यांकडेही नीट पाहावं."

घ्या! म्हणजे आता त्यांच्याविषयी किंतु घालून सोयरीक मोडायची चाल. कोकिळाबाईनं गडवा आपटला. "मोडता घालू नोका डाक्टरसाहेब. तुमच्या पाया पडतो. लगन होऊ द्या, मंग काय लिवाचं थे लिवा."

सोयरीक ठरली. जीप धुरळा उडवत गेली, आणि कोकिळाबाईनं आधी नवऱ्याच्या तोंडातलं पान आपल्या तळहातावर काढून घेतलं. डॉक्टर शब्दाला जागले, असं तिला वाटलं. तरी महिनाभर तिचा डोळा रस्त्यावरच होता. पोस्टमन आला की नारळ परत आला असं वाटायचं.

नारळ काही परत आला नाही. फाल्गुनात मांडव उभा राहिला. वऱ्हाड गावच्या शाळेत उतरलं, तोच जानोसा. सनईवाले नव्हते, पुलगावचा बँड होता, आणि तो सिनेमाची गाणी अशी वाजवत होता की म्हशींनी दावी तोडली. सगळं सुरळीत चाललं होतं. फक्त एक घाट उरला होता: व्याहीभेट. मांडवाच्या दारात दोन्ही बापांनी एकमेकांना गुलाल लावायचा आणि छातीला छाती लावून भेटायचं.

"मी भेटतो दादाच्या जागी," ठरल्याप्रमाणे नत्थू पुढं झाला.

पण मांडवात एक तरी म्हातारा असा असतोच, ज्याला रीतीची फार काळजी. "बाप जिता असून काका काऊन भेटन? अपशकुन हाय. हात दुखते तं एका हातानं भेटू द्या."

वासुदेवरावाला उभं केलं. सांभाळायला म्हणून कोकिळाबाई त्याच्या मागं गेली आणि बांधलेल्या हाताचं कोपर तिनं धरलं. समोरून मधुकरराव आले, फाल्गुनातल्या उन्हात तीच शाल अंगावर. गुलालाचं ताट मध्ये आलं. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. बँड थांबला.

आणि कुणाचाच हात उठेना.

लोकांना वाटलं, मान-अपमान झाला, आधी कुणी लावायचा म्हणून अडलंय. कुजबूज सुरू झाली. वासुदेवरावानं डावा हात उचलायचा प्रयत्न केला. तो कमरेशी थरथरला आणि पडला. मधुकररावांची शाल घसरली. त्यांचा उजवा हात कोपराशी कुणीतरी मागून धरून वर ढकलत होतं. कोकिळाबाईनं मान वाकडी करून पाहिलं. व्याह्यांच्या पाठीमागं प्रमिलाबाई होती, आणि कोकिळाबाईनं जसं नवऱ्याचं कोपर धरलं होतं, तसंच, अगदी तसंच तिनं धरलं होतं: अंगठा खाली, चार बोटं वर, म्हणजे लोकांना आधार दिसू नये.

मधुकररावांच्या हातात अंगठ्याजवळ खळगा होता.

दोघी विहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. मग दोघींनीही आपापला नवरा पुढं ढकलला. ते दोन पुरुष एकमेकांच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभे राहिले, हात लोंबत, आणि का कुणास ठाऊक, वासुदेवराव हसायला लागला. त्या रोगात हसूही आवरत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बँडनं पुन्हा सुरुवात केली.

कोकिळाबाईला मात्र भर मांडवात एकेक आठवायला लागलं. शाल, उपास, सोडलेला चहा, जीपमधून कोपर धरून उतरवणं. सगळं डोळ्यांसमोर घडलं होतं. आपण पट्टी गुंडाळत होतो तेव्हा पुलगावात कुणी शाल गुंडाळत होतं, हे तिला, फौजदारणीला, दिसलं नाही. स्वतःची तिला इतकी चीड आली की रडूही फुटेना.

डॉक्टर आमंत्रणावरून आले होते, मांडवाच्या कडेला निंबाखाली उभे होते. ती तडक त्यांच्यासमोर गेली.

"त्याईले पाहाले नवते आनलं तुमाले. थे तुमचे पेशंट होते."

"होते. एसटीनं येणं त्यांना जमलं नसतं."

"काऊन नाई सांगितलं?"

"तुमचंही त्यांना सांगितलं नाही," डॉक्टर म्हणाले. "परसात तुम्ही पाया पडलात, बाई. तीच विनवणी प्रमिलाबाईंनी आदल्या दिवशी केली होती." मग त्यांनी चष्मा काढला. "आणि मलाही तुमच्या घरात शिरायचंच होतं. या गावाबद्दल मी ऐकून होतो. नुसता सोबत म्हणून आलो नव्हतो मी."

"लेकराईचं काय होईन?"

"ते तुमच्यावर आहे. बहुतेक घरांत हा रोग ज्याचा त्याच्यापुरता असतो, पोरांत उतरत नाही. थोड्या घरांत उतरतो. तुमचं घर कुठलं, ते मला कुणी खरं सांगेल तेव्हा कळेल. तुमचे सासरे विहिरीत पडून गेले, म्हणालात."

मांडवात मंगलाष्टकांसाठी अक्षता वाटायला सुरुवात झाली होती. कोकिळाबाईनं पदर तोंडाला लावला.

"हिरीत नाई पडले," ती म्हणाली. "हात वाळले, मंग जीभ. त्याईच्या बहिनीचंबी तसंच झालं. मी पेज पाजत होतो."

डॉक्टरांना आनंद व्हायला हवा होता. ज्या एका वाक्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं धूळ खाल्ली, ते त्यांना आयतं मिळालं होतं. पण ते खाली मातीकडे पाहत होते. "मग उतरतो," ते म्हणाले. "प्रत्येकात नाही. पण उतरतो. औषध माझ्याजवळ नाही."

"आन त्याईच्यात?"

"त्यांच्या घरी आधी कुणाला नव्हता, असं सांगतात. मधुकररावांचे वडील म्हणे झाडावरून पडून गेले."

कोकिळाबाईनं तोंडाचा पदर काढला. "मी हीर म्हनलं," ती हळू म्हणाली, "तिनं झाड."

मग ती नलूकडे गेली. कोपऱ्यातल्या खोलीत नलू मुंडावळ्या बांधून बसली होती. बाकीच्या पोरींना बाहेर हाकलून कोकिळाबाईनं दार लावलं आणि सगळं सांगितलं: आजा, आजाची बहीण, बाप, व्याही, पट्टी, शाल. लपवायची इतकी सवय झाली होती की खरं बोलताना तिला धाप लागली. शेवटी म्हणाली, "तू नाई म्हनत असशीन तं मी आत्ता मांडव उठवतो. लोकं थुंकले तं थुंकू दे."

नलूनं हातांवरच्या मेंदीकडे पाहिलं. "थ्याले ठाऊक हाय का?" तिनं विचारलं.

"कोनाले?"

"ज्याच्याशी लगन हाय, थ्याले. आपल्या बाबाचं, आजाचं?"

"नाई."

"मंग मीच सांगतो," नलू म्हणाली आणि उठली.

नवरी मुंडावळ्यांसकट स्वतःच्या पायांनी जानोशाकडे जाते, हे बोरखेडीनं कधी पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला. भटजींनी पंचांग मिटलं. शाळेचं दार लागलं, आणि मांडवातल्या माणसांना तोंडी लावायला एवढं मिळालं की जेवणाचीही घाई उरली नाही. प्रमिलाबाई येऊन कोकिळाबाईच्या शेजारी बसली. एकदा फक्त प्रमिलाबाई म्हणाली, "जांभळाचं झाड म्हनलं होतं मी. आमच्या वावरात जांभूळच नाई."

मुहूर्त टळता टळता शाळेचं दार उघडलं. पुढं ओमप्रकाश, मागं नलू. दोघांचेही डोळे लाल होते. ओमप्रकाश बोहल्याकडे गेला नाही. तो सरळ वासुदेवरावापाशी आला, त्याच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसला आणि त्यानं तो बांधलेला हात आपल्या मांडीवर घेतला.

"मामाजी, हे आता कायले?" तो म्हणाला. "पाहू द्या लोकाईले."

कोकिळाबाईच्या मनात आलं, आपण आजवर माणसं वाईटच धरून चाललो, आणि हे पोरगं? लग्न लागणार होतं. खरं कळून लागणार होतं. त्या क्षणी तिला कुणाचाच संशय आला नाही, आणि तसं तिच्या आयुष्यात क्वचितच झालं असेल.

ओमप्रकाश पट्टीची गाठ सोडायला लागला. गाठ सुटेना. त्यानं अंगठा आणि बोट यांच्यात टोक धरलं, ते निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. तो ओशाळं हसला आणि डाव्या हातानं पाहायला लागला.

सकाळी भेटीत सुटू नये म्हणून गाठ आपणच घट्ट मारली होती, कोकिळाबाईनं मनाशी म्हटलं. चांगली ओढून मारली होती. रोजच्यापेक्षा घट्टच. तिनं मान वर करून निंबाखाली पाहिलं. डॉक्टर तिथंच उभे होते, आणि सगळा मांडव नवरदेवाच्या तोंडाकडे पाहत असताना ते त्याच्या बोटांकडे पाहत होते.

कोकिळाबाईनंही मग तिकडंच पाहिलं.